पावसाळा, संगणक आणि दुकानाची खतावणी

सह्याद्रीच्या माथ्यावर, करूळ आणि भुईबावडा या दोन घाटांच्या तोंडाशी वसलेले गगनबावडा हा कोल्हापूर जिल्ह्यातील सर्वाधिक पावसाचा मुलूख. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस येथे कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, शिरोळ तालुक्यात, त्याचा जेमतेम दहावा हिस्सा पडतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत येथील भिंतींना ओल येते, पापड सादळतात, आगपेटीची काडी पेटत नाही, पोत्यातील साखरेला पाणी सुटते. आणि एखाद्या सकाळी दुकानाच्या कोपऱ्यातील संगणकही बटण दाबले तरी निश्चल राहतो. कोल्हापूरहून दुरुस्तीवाला बोलवावा, तर अंतर सुमारे पंचावन्न किलोमीटर. रस्त्यावर पाणी आले, की तोही मार्ग एक-दोन दिवस खुंटतो.

ग्राहक खोळंबतो ही त्यातील लहान अडचण. हाताने पावती लिहून ती भागवता येते. खरी अडचण उधारीची असते. कोणाकडे किती येणे आहे, कोणत्या पेढीला किती देणे आहे, कोणता धनादेश वटायचा राहिला आहे, हे सारे त्या लोखंडी पेटीत बंद झालेले असते. त्यातच महिन्याची १८ तारीख असावी. जीएसटीचे मासिक ३बी विवरणपत्र २० तारखेपर्यंत भरावयाचे असते. उशीर झाल्यास दिवसाला ५० रुपये विलंबशुल्क आणि रोखीने भरावयाच्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज. शिवाय हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवण्याचे बंधन जीएसटी कायद्यानेच घातले आहे. संगणक बिघडला ही सबब त्यापुढे फार काळ टिकत नाही.

पूर्वी पेढीवर कीर्द, खतावणी आणि रोजमेळ लाल कापडी बांधणीच्या वह्यांत असे. वही भिजली तर उन्हात वाळवता येई, वाळवीने खाल्ली तर उरलेली पाने तरी वाचता येत. दिवाळीला वहीपूजनाच्या पाटावर आता अनेक घरांत संगणकालाही कुंकू लागते, त्यात गैर काही नाही. परंतु वहीचे जे जतन घरातील ज्येष्ठ मंडळी निगुतीने करीत, ते या यंत्राच्या वाट्याला क्वचितच येते.

संगणक सुरू होत नाही, हे एक वाक्य झाले. त्याच्या पोटात निदान चार वेगवेगळे बिघाड असू शकतात. मुळीच जीव नसणे, पंखा फिरूनही पडदा काळा राहणे, पडद्यावर अक्षरे उमटूनही डिस्क न सापडणे, आणि विंडोजचे चिन्ह दिसून तेथेच अडकणे. दुरुस्तीवाल्याला दूरध्वनी करताना यांपैकी नेमके काय घडते एवढे सांगता आले, तरी त्याची एक फेरी वाचते. बँकेत तेरीज जुळेना तेव्हा जुना हिशेबनीस साऱ्या वह्या एकदम उघडत नसे. फरक कोणत्या खात्याच्या अंगाने आहे हे आधी शोधी, मग त्याच खात्यात उतरे. येथेही तीच रीत.

यंत्रात मुळीच जीव नसेल, दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही, तर यंत्राला दोष देण्यापूर्वी वीज पाहावी. ज्या सॉकेटमध्ये संगणकाची पिन आहे, त्यात मोबाइलचा चार्जर लावून पाहावा. तो चालला तर मधला यूपीएस संशयित ठरतो. यूपीएसमधील बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत क्षीण होते आणि वारंवार वीज जाणाऱ्या गावी त्याही आधी. अशा वेळी यूपीएस बाजूला ठेवून संगणकाची वायर थेट भिंतीतील सॉकेटला लावावी. संगणक सुरू झाला, तर बिघाड सापडला आणि खर्च केवळ एका बॅटरीचा. पेटीच्या मागील बाजूस, वायर जेथे शिरते तेथे, एक लहान बटण असते. झाडलोट करताना ते अनेकदा बंद होते, आणि तेवढ्यासाठी दुरुस्तीवाल्याला घाट चढावा लागल्याची उदाहरणे प्रत्येक तालुक्यात मिळतील. लॅपटॉप असेल, तर चार्जर काढून त्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, मग चार्जर पुन्हा लावून पाहावे. अडकलेली वीज निघून गेल्यावर पुष्कळ लॅपटॉप सरळ वागू लागतात.

येथपर्यंत काही घडले नाही, तर पेटीतील वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला बाजारात एसएमपीएस म्हणतात, तो गेलेला असण्याचा संभव मोठा. हा डबा घरी कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही त्यात काही काळ धोकादायक विद्युतभार साठून राहतो. तो बदलावयाचा असतो, दुरुस्त करीत बसावयाचा नसतो. वळवाच्या पावसात कडाडणाऱ्या विजेने सर्वाधिक बळी जातो तोही याच भागाचा. आणि ती वीज केवळ विजेच्या तारेतूनच येते असे नाही. इंटरनेटच्या तांब्याच्या तारेतूनही ती यंत्रात शिरते. मे महिन्यात आभाळ भरून आले की दोन्ही पिना काढून ठेवणे, हा याहून स्वस्त विमा दुसरा नाही.

पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो, ही पावसाळ्यातील सर्वांत नेहमीची तक्रार. प्रथम पडद्याची स्वतःची वीज आणि त्याची केबल पाहावी. ती ठीक असेल, तर बहुधा अडचण रॅमच्या पट्टीची असते. ही पट्टी मदरबोर्डवरील एका खाचेत बसते. तिच्या कडेला सोनेरी रंगाचे बारीक संपर्क असतात. दमट हवेत त्यांवर व खाचेत सूक्ष्म थर साचतो, धूळ ओलावते आणि संपर्क सुटतो. यंत्र अशा वेळी पुष्कळदा टूं टूं असा आवाज काढून तक्रार करते. आवाजांची भाषा कंपनीगणिक निराळी असली, तरी लांब आवाज पुन्हा पुन्हा येत राहिला, तर पहिला संशय रॅमवर घेण्यास हरकत नसते.

उपाय साधा आहे, पण क्रमाने करावा लागतो. वायर भिंतीतून पूर्ण काढावी. मग बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आतील उरलेली वीज निघून जाते. पेटीच्या उघड्या लोखंडी भागाला हात लावून अंगावरील स्थिर विद्युत उतरवावी. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून पट्टी सरळ वर काढावी, सोनेरी कडेवरून पेन्सिलीचा मऊ, स्वच्छ खोडरबर हलक्या हाताने फिरवावा, रबराचा चुरा ब्रशने झाडावा आणि पट्टी पुन्हा खाचेत टक असा आवाज येईपर्यंत बसवावी. दोन पट्ट्या असतील, तर एकेक लावून पाहावी; कोणती निकामी आहे ते तेव्हाच कळते. वाणिज्य शाखेत शिकलेल्या मुलालाच नव्हे, तर शिवणयंत्र सांभाळणाऱ्या गृहिणीलाही हे काम सहज जमते. घरात असे एक माणूस तयार असावे.

पेटी उघडलीच आहे, तर आत नीट पाहून घ्यावे. मागील पट्ट्या निघून राहिलेल्या भोकांतून झुरळे आणि पाली उबेसाठी आत येतात. पाल दोन उघड्या टोकांवर आडवी पडली, तर तिचा जीव जातो आणि यंत्रही जाते. बाजारात लहान पत्र्याच्या पट्ट्या मिळतात, त्या बसवून भोके बुजवली तर दोन्ही वाचतात. जीवदयेचा विचार करणाऱ्या घरांत निदान या कारणाने तरी पेटी उघडी राहू नये. मदरबोर्डवरील उभे, डबीसारखे भाग वरून फुगलेले दिसले, तर मात्र तेथे खोडरबर चालत नाही. ते जाणकाराचे काम.

मदरबोर्डवर रुपयाएवढी एक चपटी बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची, ३ व्होल्टची. घड्याळाच्या दुकानातही ती मिळते. वीज बंद असताना संगणकाची तारीख आणि मूळ मांडणी टिकवण्याचे काम तिचे. काही वर्षांत ती संपते आणि मग चमत्कारिक लक्षणे दिसू लागतात: सुरू होताना यंत्र थांबून एखादी कळ दाबावयास सांगते, तारीख कित्येक वर्षे मागे जाते, कधी डिस्क कोठे आहे हेच यंत्र विसरते. तारीख मागे गेली, की बँकेचे आणि जीएसटीचे संकेतस्थळही सुरक्षित नसल्याची तक्रार करून उघडत नाही, आणि व्यापारी इंटरनेट कंपनीशी भांडत बसतो. पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहण्याची सवय असती, तर हे भांडण टळले असते.

आता तिसरा बिघाड, ज्याच्याशी खतावणीचे भवितव्य बांधलेले आहे. पडद्यावर इंग्रजीत संदेश येतो, की सुरू होण्यासाठी डिस्क सापडत नाही. घाबरण्यापूर्वी पाहावे, की एखादा पेन ड्राइव्ह यंत्रात राहून गेला आहे काय. यंत्र आधी त्याच्यातून सुरू होऊ पाहते आणि फसते. तसे नसेल, तर हार्ड डिस्कची केबल सैल झाली आहे काय, ते वीज बंद करून पाहावे. केबल ठीक असूनही डिस्क सापडत नसेल आणि आतून खट् खट् असा ठरावीक आवाज येत असेल, तर तत्क्षणी यंत्र बंद करावे. जुन्या प्रकारच्या डिस्कमध्ये फिरणारी तबकडी असते आणि तिच्यावरून वाचणारी सुई केसाहूनही कमी अंतरावर तरंगते. ती सुई बिघडली असता यंत्र पुन्हा पुन्हा सुरू करणे, म्हणजे जखमेवर जखम करणे होय. नव्या एसएसडी प्रकारच्या डिस्क वेगवान खऱ्या, पण त्यांत फिरणारे काही नसल्याने त्या जाताना बहुधा आवाजही करीत नाहीत. काल चालत होती, आज नाही, एवढेच.

चौथा प्रकार विंडोजच्या बिघाडाचा. यंत्र सुरू होते, चिन्ह दिसते, गोल फिरत राहते, किंवा निळा पडदा येतो. अद्ययावतीकरण चालू असता वीज गेली, तर हे हमखास घडते. म्हणून यूपीएस केवळ चैन नव्हे. सुरुवात दोन-तीन वेळा लागोपाठ फसली, की विंडोज आपण होऊन दुरुस्तीचा निळा पडदा उघडते. त्यातील आपोआप दुरुस्तीचा पर्याय प्रथम द्यावा आणि अर्धा-पाऊण तास धीर धरावा. तो निष्फळ झाला, तर सेफ मोड, म्हणजे अत्यावश्यक तेवढ्याच सामग्रीवर यंत्र चालवण्याची सोय वापरावी. त्यात संगणक उघडला, तर नुकताच बसवलेला प्रिंटर किंवा प्रोग्रॅम काढून टाकण्याआधी हिशेबाची प्रत बाहेर काढून घ्यावी. हा क्रम उलटा करू नये.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित देखभाल मायक्रोसॉफ्टने थांबवली. त्यामुळे जुने संगणक बंद पडतात, असे सांगून नवे यंत्र गळ्यात मारणारे विक्रेते भेटतात. ते खरे नाही. सुरक्षेची भर मिळणे थांबते आणि ती गोष्ट बँक व्यवहारांच्या दृष्टीने गंभीर आहेच. पण त्या कारणाने यंत्र सुरू व्हायचे थांबत नाही.

आता त्या शब्दाकडे वळावे लागेल, जो दुरुस्तीच्या व्यवसायात फार सैलपणे वापरला जातो. एखादा तरुण कारागीर येतो, दोन कळा दाबतो आणि म्हणतो, "अण्णा, फॉरमॅट मारावं लागेल." अण्णांना त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नसतो, संगणक चालू होणार एवढेच कळते. ते म्हणतात, "मार की मग, दुकान खोळंबलंय." तासाभरात संगणक नव्यासारखा उघडतो आणि सात वर्षांची खतावणी नाहीशी झालेली असते. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे. पुसलेले कधी कधी परत मिळते, पण त्यावर नवे लिहिले गेले, की तीही आशा मावळते. आणि एसएसडीमध्ये पुसलेले बहुधा परत मिळतच नाही.

कारागिराचा त्यात दुष्टावा नसतो. त्याच्या लेखी काम म्हणजे यंत्र चालू करणे. अण्णांच्या लेखी काम म्हणजे हिशेब. दोघांनी हे एकमेकांना सांगितलेले नसते. म्हणून दुकानातील जबाबदार व्यक्तीने, मग तो मुलगा असो वा सून, प्रथम एवढेच विचारावे: "दादा, आतला डेटा आधी बाहेर निघेल का?" बहुतेक वेळा तो निघतो. बिघाड विंडोजचा असेल आणि डिस्क शाबूत असेल, तर डिस्क काढून यूएसबीच्या डबीत घालून दुसऱ्या संगणकाला जोडता येते आणि हिशेबाचे फोल्डर उचलता येते. एक अडचण मात्र नव्या यंत्रांत संभवते. विंडोज ११ असलेल्या अनेक संगणकांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि ती दुसरीकडे उघडण्यास ४८ अंकी किल्ली लागते. ही किल्ली सामान्यतः ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने संगणक प्रथम सुरू केला, त्या खात्यात साठवलेली असते. खाते विक्रेत्याच्या नावे, किंवा सोडून गेलेल्या कारकुनाच्या ईमेलवर उघडलेले असेल, तर मालकाची तिजोरी आणि किल्ली परक्याच्या खिशात, असा प्रकार होतो. ही किल्ली आजच, संगणक चालू असताना, कागदावर उतरवून घरातील तिजोरीत ठेवण्याजोगी आहे.

त्या किल्लीचे मोल जगाला १९ जुलै २०२४ रोजी कळले. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर थबकले आणि पुन्हा सुरू होईनात. आपल्याकडील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. रिझर्व्ह बँकेने त्या दिवशी सांगितले, की देशातील दहा बँका व वित्तसंस्थांनाच किरकोळ अडथळा आला. उपाय सोपा होता: सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढून टाकणे. पण तो प्रत्येक यंत्राजवळ माणसाने बसून करावा लागला, आणि जेथे डिस्क कुलूपबंद होती तेथे किल्ली शोधण्यातच दिवस गेले. एवढ्या मोठ्या कंपन्यांपुढे जी अडचण उभी राहिली, तीच गगनबावड्याच्या किराणा दुकानापुढे उभी राहते. आकार तेवढा लहान.

पुराचा प्रकार निराळा आहे. गगनबावडा तालुक्यात पडलेले पाणी कुंभी नदीतून पंचगंगेला मिळते आणि कोल्हापूरच्या सखल पेठांत शिरते. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांचीही मर्यादा मागे टाकली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तोच प्रसंग आला. व्यापारी पेठांतील कित्येक संगणक तेव्हा दिवसेंदिवस पाण्याखाली होते. पाण्यातून निघालेला संगणक चालतो का, हे पाहण्यासाठी बटण दाबण्याचा मोह अनावर असतो, आणि नेमका तोच घात करतो. गढूळ पाण्याने विजेला वाट मिळते आणि जे केवळ भिजले होते ते जळते. वायर लावू नये, केस वाळवण्याचे यंत्र किंवा हीटर लावू नये, तांदळात तर मुळीच पुरू नये. डिस्क तेवढी काढून, न उघडता, विदा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे द्यावी. अशी केंद्रे पुणे-मुंबईत आहेत आणि त्यांचा खर्च पुष्कळदा नव्या संगणकाहून अधिक येतो. म्हणून आधी बाहेर प्रत आहे काय ते पाहावे. असेल, तर त्या डिस्कवर पैसा घालण्याचे कारण नाही.

यंत्र दुरुस्त होईतो व्यापार थांबवण्याचे मात्र प्रयोजन नाही. छापील बिलबुक गल्ल्यात नेहमी असावे. त्याची क्रमांकमाला संगणकाच्या बिलांहून वेगळी ठेवावी, म्हणजे पुढे नोंद करताना गोंधळ होत नाही. जीएसटीचे विवरणपत्र भरण्यासाठी स्वतःचाच संगणक लागतो असे नाही. एकट्याच्या मालकीची पेढी असेल, तर मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने कोणत्याही विश्वासू ठिकाणाहून, करसल्लागाराच्या कार्यालयातून ते भरता येते. गेलेला हिशेबही सारा जात नाही. पूर्वी भरलेल्या विवरणपत्रांतील नोंदणीकृत ग्राहकांची बिले पोर्टलवर असतात. पुरवठादारांनी दाखवलेली खरेदी २बी विवरणात दिसते. बँकेचा खातेउतारा बँक देते. घाऊक पेढी आपल्या वहीतील खात्याची नक्कल पाठवते. या चार धाग्यांतून खरेदीचे आणि बँकेचे अंग बरेचसे विणता येते. विणता येत नाही ती किरकोळ उधारी. वाडीवस्तीवरील शेतकऱ्याने सुगीवर देतो म्हणून नेलेले खत, तेल आणि गूळ दुसऱ्या कोणाच्याच वहीत नसते. नियमित ठेवलेल्या हिशेबाच्या नोंदी, संगणकातील असल्या तरी, न्यायालय पुरावा म्हणून विचारात घेते. केवळ त्या नोंदींवर कोणाला देणेदार ठरवता येत नाही हे खरे. पण नोंदच नाहीशी झाल्यावर बोलण्यासारखे फारसे उरत नाही.

गगनबावड्याला या विषयात एक जुना अधिकार आहे. हा मुलूख पंत अमात्य बावडेकर घराण्याची जहागीर होता. अमात्य म्हणजे अष्टप्रधानांतील जमाखर्चाचा मंत्री, राज्याचा मुख्य हिशेबनीस. त्याच घराण्यातील रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे अठराव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झालेले आज्ञापत्र प्रसिद्ध आहे. त्यात साहुकारांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे आणि किल्ल्यांविषयीही. किल्ल्यावर बारमाही झरा असला, तरी तेवढ्यावर निश्चिंत राहू नये, असे तेथे बजावले आहे. लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटतात, म्हणून राखीव पाण्याची दोन-चार टाकी वेगळी बांधावीत आणि त्यांतील पाणी रोजच्या खर्चाला लावू नये. संगणकावरील हिशेबाची प्रत ठेवण्याचा नियम तीनशे वर्षांनंतरही याहून फारसा वेगळा सांगता येत नाही.

राखीव टाक्याचे पाणी रोजच्या खर्चाला लावू नये, हा भाग बहुतेक दुकानांत मोडला जातो. प्रत त्याच संगणकाच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवली जाते. डिस्क गेली, की दोन्ही जातात. किंवा पेन ड्राइव्हवर ठेवली जाते आणि तो ड्राइव्ह वर्षभर यंत्रातच खोचलेला राहतो. विजेचा लोळ आला तर तोही जळतो, खंडणीखोर व्हायरस आला तर तोही कुलूपबंद होतो. जाणकार मंडळी तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक वास्तूबाहेर, असा नेम सांगतात. दुकान गगनबावड्यात आणि बाहेरची प्रत कोल्हापुरातील मेहुण्याच्या तळमजल्यावरील गोदामात असेल, तर २०१९ ची आठवण ठेवून ती वरच्या मजल्यावर हलवावी, किंवा गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी चढवावी. टॅली वापरणाऱ्यांना डेटाच्या यादीतच बॅकअपचा पर्याय मिळतो. दुकान वाढवताना पाच मिनिटे पुरतात. दोन पेन ड्राइव्ह घ्यावेत, एकावर सम तारखेची प्रत, दुसऱ्यावर विषम तारखेची, आणि प्रत घेऊन झाली की ड्राइव्ह काढून घरी न्यावा.

बँकांत संगणक आले, तेव्हा हा नेम काटेकोर होता. १९८४ साली डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा मांडला आणि शाखाशाखांत खतावणीची यंत्रे आली. दिवसअखेरीस छापील प्रत काढल्याविना आणि फ्लॉपी वा फीत बाजूला ठेवल्याविना शाखा बंद होत नसे. यंत्रावर त्या पिढीचा विश्वास कमी होता, हे एका अर्थी बरेच झाले.

यंत्राची जागाही बदलण्याजोगी आहे. पावसाळ्यात ते जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नये. हातभर उंच लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे. काम संपताच गरम पेटीवर प्लॅस्टिकचे आच्छादन घालू नये, आत वाफ धरते. सुती कापड पुरे. आणि सलग सुट्टी आली, तरी दिवसाआड तासभर संगणक चालवावा. त्याची स्वतःची ऊब हेच त्याचे सर्वांत चांगले वाळवण.

प्रत घेतली म्हणजे ती उघडेलच असे नाही. रिकामी किंवा अर्धवट प्रत महिनोन्महिने इमानाने घेतली गेल्याचे प्रसंग थोडे नाहीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती प्रत दुसऱ्या संगणकावर, घरातील मुलाच्या लॅपटॉपवरही चालेल, पुनःस्थापित करावी. तेरीज काढावी आणि तिची बेरीज दुकानातील यंत्रावर त्याच तारखेला निघणाऱ्या बेरजेशी ताडून पाहावी. बेरीज जुळली, की त्या कागदावर तारीख घालून सही करावी व तो बिलबुकासोबत ठेवावा. जुळली नाही, तर त्याच दिवशी नवी प्रत घ्यावी आणि जुना पेन ड्राइव्ह बाद करावा.